जे थांबतात त्यांच्यासाठी



  ज्या लंडनमध्ये मराठी माणसांनी १९३२ साली महाराष्ट्र मंडळ उभं केलं, त्या लंडनमध्ये, या परिषदेची अध्यक्ष म्हणून, आपल्या समुपदेशनाच्या कामाबद्दल मराठीतून बोलायला मिळतंय, याचा आनंद आहे.

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘ब्रिटनमधील मराठी कुटुंबांचे मानसिक आरोग्य : एक आढावा’. मुलांचे प्रश्न, म्हातारपणाचं एकटेपण, दारू, या सगळ्यांवर उद्या सत्रं आहेत आणि बोलणारी माणसं माझ्याहून जाणती आहेत. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बत्तीस वर्षं ती माझ्या घशाशी अडकली आहे. नवरा किंवा बायको बाहेर कुणात तरी गुंतली, ते उघडकीला आलं, घर मुळापासून हाललं, आणि तरीही दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं. अशा जोडप्याला या देशात वाली नाही, आणि आपल्या समाजात तर मुळीच नाही.

निघणाऱ्याची वाट आखलेली आहे. ६ एप्रिल २०२२पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दोषाशिवाय घटस्फोट मिळतो. अर्ज केला की वीस आठवडे, पहिला आदेश, मग सहा आठवडे, आणि शेवटचा आदेश. हा कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण राहणाऱ्याला कुठला फॉर्म? त्याच्या वीस आठवड्यांत काय होतं, हे कुणी लिहून ठेवलंय का?

त्याआधीचा, १९७३चा कायदा तर घड्याळ लावून बसला होता. जोडीदाराचा व्यभिचार कळल्यानंतर एकूण सहा महिन्यांहून जास्त काळ एकत्र राहिलात, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येत नसे. हेतू चांगला होता, जोडप्याला सावरायला सवड मिळावी एवढाच. प्रत्यक्षात काय व्हायचं, ते मी खोलीत बसून पाहिलंय. बायका सहाव्या महिन्यात यायच्या. पर्समधल्या कॅलेंडरवर तारखांना खुणा केलेल्या असायच्या. “ताई, माझ्याकडे एकोणीस दिवस राहिलेत.” एकोणीस दिवसांत तिनं ठरवायचं, की बारा वर्षांच्या संसारावर पुन्हा भरवसा टाकायचा की हातातला हक्क धरून ठेवायचा. त्याच कायद्यात वकिलानं एक दाखला द्यायचा होता, समेटाबद्दल अशिलाशी चर्चा केली की नाही, एवढ्यापुरता. चर्चा केलीच पाहिजे असं नव्हतं.

मग आपली माणसं. ती दोनच गोष्टी सांगतात. शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात, “अजून त्याच्याबरोबर राहतेस?” घरचे म्हणतात, “झाकली मूठ सव्वा लाखाची. सांभाळून घे.” पहिलीनं राहण्याची लाज वाटायला लागते, दुसरीनं तोंड बंद होतं. आणि ती बाई स्लाउच्या किंवा हॅरोच्या एखाद्या स्वयंपाकघरात रात्री दीड वाजता ओट्याला टेकून उभी असते. पूर्वी माहेर होतं. लेक आली की आई न विचारता ताट वाढायची, चार दिवस बोलायची नाही, पाचव्या दिवशी सगळं बाहेर पडायचं. आता माहेर व्हॉट्सॲपवर आहे, आणि व्हिडिओ कॉलवर पाचवा दिवस कधी येत नाही.

सांभाळून घे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. राहणं हा निर्णय असेल तरच त्याला अर्थ आहे. ४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढे याच लंडनमध्ये येऊन डॉक्टर झाल्या. ज्या घराचं दार बाहेरून लावलंय, त्या घरात राहण्याला मी संसार सावरणं म्हणणार नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, सरकारी मदतीचा हक्क नाही, बँकेत स्वतःच्या नावावर पैसा नाही. “मी त्याला माफ केलंय,” असं ती तीनदा म्हणाली. मी तिला आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवलं. आपण इथे कुठल्या हक्कानं राहतोय हे तिला कळल्यावर, चार महिन्यांनी ती परत आली आणि म्हणाली, “आता विचारा, राहायचंय का.” तेव्हा आमचं काम सुरू झालं. आणि जिथे मारहाण आहे, तिथे हे काम करायचंच नाही. त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

काल रात्री जेवताना मात्र वाद झाला, आणि तो ऐकून मला झोप लागली नाही. ज्यानं विश्वासघात केला त्यानं सगळं सांगावं की नाही? निम्मी मंडळी म्हणाली, सगळं, पारदर्शकता हवी. एका गृहस्थाला असाच सल्ला मिळाला होता. त्यानं चौदा पानं लिहून काढली, तारखा, हॉटेलं, सगळं. बायकोनं ती बाथरूमचं दार लावून वाचली. नवव्या पानावर ब्रायटन होतं. नंतर दोन वर्षं त्या घरातली मुलं समुद्रावर गेली नाहीत, कारण आईला रस्त्यावर ब्रायटनची पाटी दिसली तरी उलटी व्हायची. त्यानं पानं लिहून आपलं मन हलकं केलं आणि सगळा भार तिच्या डोक्यावर ठेवला. तिनं जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्यावं, पहिल्यांदा, दहाव्यांदा आणि चाळिसाव्यांदाही, न चिडता. जे विचारलं नाही ते तिच्या गळ्यात घालू नये. मी या मतावर पुस्तकातून आलेले नाही.

दुसरा वाद भाषेचा. आपल्यातले काही तरुण सहकारी म्हणतात, इथली माणसं इंग्रजीत शिकलेली, इंग्रजीत नोकरी करणारी, मराठीतून समुपदेशनाचा आग्रह कशाला? माझ्या समोर एक बाई सात आठवडे इंग्रजीतून बोलल्या. विश्वास, मर्यादा, संवाद, सगळे शब्द बिनचूक. चेहरा कोरडा. आठव्या आठवड्यात मी मराठीतून विचारलं, “घरी कसं चाललंय?” त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सकाळी त्यांचा डबा भरताना हात थांबतो. पोळी घालते, भाजी घालते, आणि झाकण लावताना हात थांबतो.” सात आठवड्यांत कळलं नव्हतं ते त्या झाकणानं सांगितलं. पुढचं दीड वर्ष आम्ही त्या डब्याबद्दलच बोललो. मध्ये पाच महिने त्यांनी डबा दिला नाही. नवऱ्यानं एकदाही मागितला नाही, स्वतः उठून पोळ्या लाटायला शिकला, आणि त्याच्या वेड्यावाकड्या पोळ्यांबद्दल सांगताना त्या पहिल्यांदा रडल्या. १९८३ साली जाफर करीम यांनी लंडनमध्ये नफसियात हे उपचारकेंद्र सुरू केलं ते याच जाणिवेनं, की माणसाच्या दुखण्याला त्याची भाषा आणि संस्कृती असते. चाळीस वर्षांनंतर आपण तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, याचं मला दुःख होतं.

आणि पुरुष. ज्याची बायको दुसऱ्यात गुंतली आणि ज्यानं संसार मोडला नाही, तो पुरुष आपल्या समाजात कुठे दिसतो का? एक डॉक्टर अकरा महिने कुणाशी बोलले नव्हते. शिफ्ट संपली की एम-वनच्या एका सर्व्हिसेसवर गाडी लावून तासभर बसायचे. एका रात्री त्यांनी सॅमॅरिटन्स या मदतवाहिनीचा ११६ १२३ फिरवला. पलीकडच्या माणसानं सल्ला दिला नाही, फक्त ऐकलं. ते मला म्हणाले, “मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, की मला तिच्याबरोबरच राहायचंय.” हे वाक्य म्हणायला त्यांना मित्र नव्हता, भाऊ नव्हता. दर शनिवारी ज्यांच्याबरोबर क्रिकेट खेळत होते, त्यांच्यापैकी एकाशीही ते बोलू शकत नव्हते.

तशात या डॉक्टरांची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली. नवराबायकोनं एका खोलीत झोपायचं, सकाळी हसून चहा घ्यायचा, रविवारी आईला देवळात न्यायचं. जायच्या आदल्या दिवशी आई सुनेला म्हणाल्या, “मी गेले की तुम्ही दोघं भांडून घ्या. माझ्यामुळे अडलंय तुमचं.” त्यांना काय आणि किती ठाऊक होतं, हे त्या घरात आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या सगळ्या प्रशिक्षणात इतकं नेमकं वाक्य मला कुणी शिकवलं नाही.

आता करायचं काय? मी योजना आणलेली नाही. इतकं जाणते, की या देशात १९३८ साली जोडप्यांना सल्ला देणारं मॅरेज गायडन्स कौन्सिल निघालं, ज्याचं पुढे १९८८ला रिलेट झालं, आणि त्याचं काम कितीतरी वर्षं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, स्वयंसेवक म्हणून केलं. मी अशाच लोकांच्या हाताखाली शिकले. आपल्यालाही तसं काही करता येईल. गावोगावी दोन-तीन माणसं, नीट शिकवलेली, ज्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणार नाही. या देशात ‘समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो, कायद्याचं संरक्षण त्या नावाला नाही, म्हणून शिकवण्यावर कडक राहावं लागेल. पैसा कुठून येईल, देखरेख कोण करेल, यावर समिती बसेल तेव्हा बसेल. आणि हे सहा आठवड्यांचं काम नाही. माझ्या अनुभवात दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा कठीण जातं, कारण तोवर सगळ्यांना वाटतं की मिटलं.

चहानंतर मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. वही आणली आहे. ज्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ देता येईल त्यांनी नाव लिहावं, गाव लिहावं, आणि घरी कुठली बोली बोलता तेही लिहावं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी असेल ती.