दोनशेला चालावं, पावणेपाचशेला टिकावं



विहिरीवरच्या शेडमध्ये स्टार्टरची पत्र्याची पेटी असते, तिच्यात हल्ली एक छोटं खोकं बसवलेलं दिसतं. मोबाईल स्टार्टर म्हणतात त्याला. घरून फोन लावायचा की मोटर सुरू. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन बांधाबांधानं जाणं ज्यांनी केलंय, त्यांना याचं महत्त्व मी सांगायला नको. आज बोलायचंय ते या खोक्याला स्वतःला जी चिमूटभर वीज लागते तिच्याविषयी. असे पुरवठे बनवणं हाच माझा उद्योग.

घरात फेज आणि न्यूट्रल येतात, 230 व्होल्ट. पंपाला तीन फेज लागतात, आणि पेटीत न्यूट्रल बहुधा नसतोच. म्हणून खोकं दोन फेजांमध्ये जोडावं लागतं. तिथं कागदावर 415 व्होल्ट. आपल्या गावची डीपी 11 हजार व्होल्टचे 433 करते. लोड नसला तर त्याहून थोडे जास्तही मिळतात. पण लाईट आली आणि शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उचलल्या, की तारेच्या शेवटच्या विहिरीवर तीनशे, कधी अडीचशे. मी 200 ते 470 ही कक्षा धरतो. 470 का, तर माझ्या टेबलावरचा डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्ट कमीजास्त करायचं यंत्र, तिथपर्यंतच जातं. कारण तेवढंच साधं आहे.

जुनी रीत म्हणजे लोखंडी पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढं 7812 हा तीन पायांचा रेग्युलेटर. हा बारा व्होल्ट देतो, पण स्वतःसाठी दोन व्होल्ट वर मागतो. म्हणजे लाईन 200 असताना त्याच्या तोंडाशी 14 हवेत. ट्रान्सफॉर्मर त्या हिशोबानं गुंडाळला, तर लाईन 470 झाल्यावर तिथं 33 व्होल्ट येतात. रेग्युलेटरची मर्यादा 35. कसाबसा वाचला म्हणा, पण वरचे 21 व्होल्ट जातात कुठं? उष्णतेत. बारा व्होल्टचं काम करायला एकवीस व्होल्ट जाळायचे, तेही एप्रिलमध्ये, पत्र्याच्या बंद पेटीत.

म्हणून स्विचिंग पुरवठा. पाटाच्या पाण्यासारखं समजा. पाट भरून वाहत असला तर दार थोडा वेळ उघडायचं, पाणी कमी असलं तर जास्त वेळ. वाफ्यात पाणी सारखंच पडलं पाहिजे. इथं मॉसफेट नावाचं दार सेकंदाला साधारण साठ हजार वेळा उघडतं-मिटतं, आणि वाफा भरला की नाही ही खबर ऑप्टोकपलर देतो. आत एक दिवा आणि एक डोळा, मध्ये तारेचा संबंध नाही, त्यामुळे लाईनची वीज इकडं येत नाही.

हे पुस्तकात मिळतं. खरा त्रास दोन टोकांना असतो. 470 व्होल्ट हा आकडा मीटरवरचा, लाटेचा माथा 665चा. डायोडच्या पुढं कपॅसिटरवर हाच माथा बसतो. बाजारात 400 व्होल्टचे कपॅसिटर सहज मिळतात, तेव्हा मी दोन एकापुढं एक लावले. चारशे आणि चारशे, आठशे झाले. तिसऱ्या दिवशी त्यातला एक फुगून फटकन फुटला, टेबलभर कागदाच्या चिंध्या. जुळ्या दिसणाऱ्या कपॅसिटरांची गळती सारखी नसते. कमी गळणाऱ्याच्या डोक्यावर जास्त व्होल्ट चढतात. उपाय म्हणजे प्रत्येकाला समांतर एक रेझिस्टर. पण साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरला 250च्या आसपासच व्होल्ट सोसतात, आणि इथं 330 पडणार. म्हणून तिथंही दोन-दोन. चार रेझिस्टर, मिळून दोन-तीन रुपयांचे. बोर्ड बघायला येणारा प्रत्येकजण विचारतो, हे कशाला?

खालच्या टोकाला गोष्ट उलटी. खोक्याला पाच वॅट हवेत म्हणजे हवेत. व्होल्ट अर्ध्याहून खाली आले की करंट दुपटीहून वर जातो. म्हणून तारेची जाडी आणि मॉसफेटचं तापणं 200ला मोजायचं, आणि इन्सुलेशन, मॉसफेटचे व्होल्ट, पट्ट्यांमधलं अंतर 470ला. 415ला सगळंच झकास चालतं, म्हणून 415ला घेतलेली चाचणी मी धरतच नाही.

त्यात मोबाईलचं मॉड्यूल भारी खोडकर. टॉवरशी बोलताना ते दोन अँपिअरपर्यंत ओढतं, पण सेकंदाच्या सुमारे सतराशेव्या भागापुरतं. पुरवठा जागा होईपर्यंत शेजारच्या कपॅसिटरनं ते द्यायचं. हजार मायक्रोफॅरडचा असेल तर चार व्होल्टांतला एकाहून जास्त व्होल्ट तेवढ्यात उतरतो आणि मॉड्यूल झोपतं. बावीसशेचा लावला तर अर्धाच उतरतो. ‘रिंग जाते पण मोटर लागत नाही’ या तक्रारीमागं कित्येकदा एवढंच असतं.

आणि व्होल्ट उतरतच गेले तर हार कुठं मानायची तेही ठरवावं लागतं. मी 160ला स्टार्टर धरणारा रिले सोडतो आणि 190 झाल्याशिवाय परत धरत नाही. मधले तीस व्होल्ट ठेवले नाहीत तर रिले टर्रटर्र करत राहतो आणि स्टार्टरचे पॉइंट जळतात.

एवढं करूनही एक शेतकरी खोकं परत घेऊन आले. टेबलावर उत्तम चाललं, शेतात मेलेलं. जाऊन बघितलं तर डीपीचा वरच्या बाजूचा एक फ्यूज उडालेला. अशा वेळी तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांवर 360 व्होल्ट मिळतात आणि तिसरीवर जवळजवळ शून्य. आमचं खोकं नेमकं तिसरीवर होतं. तेव्हापासून मी तिन्ही फेज आत घेतो, चाराऐवजी सहा डायोड लावून. मोटर अशा विजेवर चालवायची नाहीच, पण खोकं जागं राहतं आणि मालकाच्या फोनवर मेसेज टाकतं, ‘एक फेज नाही’. मग तो कूस बदलतो आणि सकाळी वायरमनला फोन लावतो.