ड्रॉवरमधला डबा

आमच्या कार्यालयात चहाची वर्गणी आहे. एक तारखेला सगळे पैसे काढतात आणि टपरीवरून दिवसातून तीनदा किटली येते. पंचवीस वर्षं मी तो चहा प्यायलो. गेल्या वर्षी रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी हिशेबच मांडला. तीन वेळा दोन-दोन कप, कपात दीड चमचा साखर, म्हणजे दिवसाला नऊ चमचे! तेव्हा बिनसाखरेचा आपला चहा जवळ ठेवायचं ठरलं.

पत्ती कोणती घ्यायची? घरी आपण उकळतो ती दाणेदार, सीटीसी. पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. रंग चटकन सुटतो, दूधही पेलतं. भुकटी त्याहून कडक, हॉटेलवाल्यांची लाडकी. पण टेबलाशी ना गॅस, ना दूध, फक्त थर्मासमधलं गरम पाणी. त्यात भुकटी टाकली की घोट घशाशी अडतो. तिथं लांब पानाचा, व्यापारी ज्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात, तो चहा बरा. दार्जिलिंगचा नाजूक, पण महाग. रोजच्यासाठी माझा कौल निलगिरीला. चमचाभर पत्ती, तीन-चार मिनिटं झाकण, मग गाळायचं. फायलीत डोकं घालून विसरलात, तर कडू प्यायची तयारी ठेवा.

एका वेळी पाव किलोच आणावा आणि डबा घट्ट झाकणाचा हवा. चहा शेजारचा वास ओढून घेतो. माझ्या ड्रॉवरमध्ये अत्तराची कुपी होती. आठवडाभर मी मोगरा प्यायलो. सुटी पत्ती घेतलीत तर ती टिपकागदावर पसरून पाणी शिंपडा, मग झाडून कागद उजेडाकडे धरा. रंगाचे डाग दिसले तर दुकानदाराला परत. आणि जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

खरी अडचण पत्तीची नव्हती, वेगळा कप काढण्याची होती. लहानपणी आमच्या गावच्या हॉटेलात काही लोकांसाठी कानतुटके कप बाहेर टांगलेले असत. धुऊन ठेवायचेही त्यांनीच. आमच्या वाट्याला ते कप आले नाहीत. पण त्या माणसांसमोर आम्ही आतल्या कपातून चहा प्यायलोच. आता माझ्या नावाच्या माणसानं कप आणि पत्ती वेगळी केली, तर लोक काय अर्थ काढतील? तीन दिवस डबा उघडला नाही. किटली आली की 'नको' म्हणायचो, एवढंच.

चौथ्या दिवशी शिपाईमामांनी विचारलं, "भाऊसाहेब, आमच्या चहात काय वाईट निघालं?"

मी तपासणीचा कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

"माझी पण दोनशेच्या वर आहे," ते म्हणाले. "टाका एक चमचा."

वर्गणी मी अजून भरतो. डबा आता ड्रॉवरमध्ये नसतो, खिडकीजवळच्या कपाटावर असतो, आणि पाव किलो पत्ती पंधरा दिवसांत संपते.