अतिदक्षता विभागाबाहेरची स्वाक्षरी

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला हळूच विचारले, "काका, एखादा मंगल विषय नाही का घेता येणार?" त्याची अडचण मला कळते. मृत्यूचे नाव निघाले की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणण्याची आपली रीत आहे. तेराव्यापर्यंतचे सारे विधी बिनचूक पार पाडणारी आपली घरे मृत्यूआधीच्या आठ दिवसांविषयी मात्र चकार शब्द काढीत नाहीत. आणि नेमके त्याच आठ दिवसांत, मध्यरात्री उलटून गेल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दारात एक निवासी डॉक्टर येऊन विचारतो, "यांचे हृदय थांबले तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का? नको असेल तर येथे सही करा." या कागदाला बोलीत 'डीएनआर' म्हणतात.

हा प्रयत्न म्हणजे काय, ते आधी पाहू. छातीवर जोराने आणि लयीत दाब देऊन थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत 1960 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली. अचानक बंद पडलेल्या, एरवी धडधाकट हृदयासाठी ती वरदान ठरली. बुडालेला मुलगा, विजेचा धक्का बसलेला कामगार, हृदयविकाराचा पहिलाच झटका आलेला पन्नाशीचा गृहस्थ, असे असंख्य जीव तिने परत आणले. तेथे सही-बिही विचारीत बसू नये, छाती दाबायला लागावे. परंतु कर्करोग सर्वांगात पसरला आहे, मूत्रपिंडे थकली आहेत आणि त्या ओघात हृदयही थांबते आहे, तेव्हा थांबलेले हृदय हा मूळ आजार नसतो. तो आजाराचा शेवट असतो. अशा वेळी वृद्ध माणसाच्या बरगड्या पुष्कळदा मोडतात, घशात नळी जाते, विजेचे झटके दिले जातात. रुग्णालयात, सर्व साधने हाताशी असतानाही, हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी चार-पाचांत एखादाच घरी परततो असा पाश्चात्त्य देशांतला अनुभव आहे. जर्जर रुग्णांत तर त्याहूनही कमी. चित्रपटात मात्र दोन दाब दिले की नायक डोळे उघडतो! आपल्या मनातले चित्र तेथूनच आलेले असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत 'डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन' असा शब्दप्रयोग आहे. 'अटेम्प्ट' हा शब्द मला मोलाचा वाटतो. पुनरुज्जीवन हातात ठेवलेले असते आणि आपण ते नाकारतो, असे नव्हे. नाकारला जातो तो एक प्रयत्न. आणि केवळ तेवढाच. सलाईन, प्रतिजैविके, प्राणवायू, वेदनाशामक औषधे, शुश्रूषा, यांपैकी काहीही त्या सहीने आपोआप बंद होत नाही. प्रकृती सुधारली, तर निर्णय फिरवताही येतो.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याऐंशी, फुप्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचलेला. थोरला मेहुणा पुण्यात, धाकटा न्यू जर्सीत. थोरल्याने कागद पाहिला आणि तो मागेच सरकला. "भाऊजी, वडिलांच्या मरणावर मी सही करू?" धाकटा दूरध्वनीवरून सांगत होता, "जे जे शक्य असेल ते सगळे करा, पैशाची काळजी करू नका." दूर असलेल्या मुलाचे प्रेम पुष्कळदा याच वाक्यातून बोलते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरही घाईत होते. 'सही म्हणजे उपचार बंद नव्हेत' हे साधे वाक्य त्यांनी तीन वेळा विचारल्यावर सांगितले.

या गदारोळात सासूबाई बाकावर बसून होत्या. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. मग माझी पत्नी त्यांच्यापाशी जाऊन बसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेजारचे अण्णा गेले तेव्हा हे मला म्हणाले होते, माझ्या अंगात नळ्या घालून मला बांधून ठेवू नका." दोन वर्षांपूर्वीचे ते वाक्य. त्यावर निर्णय झाला. सही थोरल्यानेच केली. पुढे नऊ दिवस सासरे साध्या खोलीत होते, वेदनेचे औषध चालू होते. चौथ्या दिवशी धाकटा आला, तेव्हा त्यांनी त्याला ओळखले. थोरला मात्र अजूनही अधूनमधून विचारतो, "भाऊजी, घाई तर झाली नाही ना?" मी त्याला सांगतो की निर्णय तुझा नव्हता, नानांचा होता, तू फक्त तो कागदावर उतरवलास. त्याचे पुरते समाधान होते असे मला वाटत नाही.

कित्येकांना वाटते की हे सारे पश्चिमेकडून आलेले फॅड आहे. मला ते पटत नाही. 1966 साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी औषध आणि अन्न नाकारून प्रायोपवेशन केले आणि 26 फेब्रुवारीला देह ठेवला. त्याआधी एका लेखात त्यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण या दोहोंमधला भेद मांडला होता. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबाजींनी पवनारच्या आश्रमात अन्न, पाणी आणि औषध नाकारले. विचारांनी दोन टोकांची ही माणसे. आपण सामान्य माणसे. प्रायोपवेशनाचे धैर्य आपल्यापाशी नाही आणि सहीच्या कागदाचा तो अर्थही नाही. पण जीवनाचे कार्य संपल्याची जाणीव या मातीला परकी नाही, एवढे तरी आपण ओळखावे.

याच्या दुसऱ्या बाजूला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका आहेत. 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग यांच्यावर तेथेच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, सहकारी परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊमाखू घातले. त्यांचे अन्न थांबवावे या मागणीला या परिचारिकांचा विरोध होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी ती याचिका फेटाळताना त्यांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अरुणाताई स्वतः श्वास घेत होत्या, कोणत्याही आजाराच्या अंतिम टप्प्यात नव्हत्या. जिवंत माणसाचा घास काढून घेणे आणि थांबलेल्या हृदयावर आघात न करणे, या दोन गोष्टींची गल्लत झाली की वादात नुसता धूर होतो.

त्याच निकालाने मर्यादित स्वरूपात उपचार थांबवण्याची वाट उघडली. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. आरंभीची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून इच्छापत्र साक्षांकित करता येते. आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कोणी घ्यायचा, त्या व्यक्तींची नावे त्यात घालता येतात. उपचार थांबवण्याचा प्रश्न आल्यास रुग्णालयाचे प्राथमिक आणि मग दुय्यम वैद्यकीय मंडळ मत देते. गोव्यात 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यात आरंभ करून दिला.

एक शंका अवश्य घ्यावी. इस्टेटीसाठी टपलेला पुतण्या हा केवळ नाटकातला नसतो. बिल परवडत नाही म्हणून 'आता पुरे' म्हणावे लागणारे घरही असते; त्या घराच्या सहीला मी स्वेच्छा म्हणणार नाही. तेथे समाज म्हणून आपले काम वेगळे आहे, आणि वेदनाशमनाची सोय तालुक्याच्या गावी पोहोचवणे हे त्यातले पहिले. म्हणूनच सही मागणाऱ्या डॉक्टरला निःसंकोच विचारा: आजार कोणत्या टप्प्यावर आहे, प्रयत्न केला तर हाती काय लागेल, सही केल्यावर कोणते उपचार चालू राहतील. उत्तर मिळेपर्यंत लेखणी हातात घेऊ नका. एका डॉक्टरच्या बोलण्याने खात्री पटली नाही, तर दुसऱ्याला विचारा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

इच्छापत्र करणाऱ्यांनी ते बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ठेवू नये. रात्री अडीच वाजता लॉकर उघडत नाही. एक प्रत ज्याचे नाव घातले आहे त्याच्याकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक घरात औषधांच्या डब्याजवळ. स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही प्रत देण्याची तरतूद आहे. परदेशी असलेल्या मुलालाही ती आजच पाठवा, आणि पाठवल्यावर एकदा त्याच्याशी बोला.