वर्दी उतरवल्यावर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी फौजदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून तुम्ही एकच विचारताय, "वॉर्डातून उभा कधी राहणार?" आज उत्तर देतो.

आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आठवा. कोर्टात शिपायाची नोकरी करत शिकले. १९६५ च्या सुमारास फौजदार झाले, १९७१ मध्ये वर्दी उतरवून राजकारणात आले. १९७४ मध्ये करमाळ्याचे आमदार, २००३ मध्ये मुख्यमंत्री, २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री! केवढी ही मजल!

पण मला जास्त आठवतात ती २०१४ आणि २०१९ ही सालं. दोन्ही वेळा ते सोलापुरातच लोकसभेला हरले. पोलिसाची बदली वरून होते. लोकप्रतिनिधीची बदली तुम्ही-आम्ही करतो.

ज्याला दंडुका दाखवला, त्याच्यापुढे हात जोडायचे, हे सोपं नाही. शिंदेसाहेबांनी तिशीत ते शिकायला घेतलं. मी अठ्ठावन्न वर्षांचा, आणि आवाजातली जरब अजून घरीसुद्धा जात नाही.

म्हणून ठरवलंय, आधी वर्षभर वॉर्डात नुसतं फिरायचं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कुठं तुंबतं, ते ऐकायचं. लोक 'साहेब' सोडून 'काका' म्हणायला लागले, तरच अर्ज भरेन. नाही म्हणाले, तर भरणार नाही.

सर, शाळेत मी शेवटच्या बाकावर बसायचो. ही शिकवणी मात्र पहिल्या बाकावर बसून घेणार आहे.