शाळेचे पहिले पान



गेल्या वर्षी एक माता माझ्याकडे आल्या. प्रवेशाची मुदत संपून दोन दिवस झाले होते. "सर, मोबाईलवर शाळेचे पान रोज पाहत होते. स्नेहसंमेलनाचे फोटोच दिसत होते," त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

वर्डप्रेसवर संकेतस्थळ उघडले आणि काही बदल केला नाही, तर पहिल्या पानावर नवी नोंद सर्वांत वर येते. आज क्रीडास्पर्धेची बातमी टाकली की कालची प्रवेशाची सूचना खाली सरकते. वर्तमानपत्राला हे शोभते; शाळेला नाही.

उपाय सोपा आहे. प्रथम दोन पाने तयार करा : एक 'मुखपृष्ठ', दुसरे 'बातम्या'. दुसरे कोरेच ठेवा. मग सेटिंग्जमधील रीडिंग या भागात जा. तेथे ताज्या नोंदींऐवजी स्थिर पानाचा पर्याय निवडा. होमपेज म्हणून पहिले व पोस्ट्स पेज म्हणून दुसरे पान नेमा आणि बदल जतन करा. यापुढे बातम्या आपल्या पानावर आपोआप जमतील. पहिले पान जागचे हलणार नाही.

मात्र स्थिर म्हणजे विसरलेले नव्हे. त्या पानावर शाळेचा पत्ता, दूरध्वनी, प्रवेश व शिष्यवृत्तीची माहिती ठेवावी आणि तारखा दरवर्षी न चुकता बदलाव्यात. शिक्षकांच्या देखरेखीखाली नववी-दहावीची मुलेमुली हे काम सहज करतील. मित्रहो, पुढे या. एका तारखेपायी कोणाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.