कपाटातली फाईल



पंचेचाळिशीच्या एखाद्या गृहस्थाचे घर डोळ्यांसमोर आणावे. नोकरीत चोख, संस्थेच्या कामात तत्पर असा हा माणूस. कोणाकडे आजारपण असो वा लग्नकार्य, पहिला निरोप त्यालाच जातो. याच गृहस्थाच्या कपाटात वरच्या फळीवर एक फाईल दोन वर्षे पडून आहे. वडील निवर्तले, परंतु गावाकडची दीड एकर जमीन अद्याप त्यांच्याच नावावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 प्रमाणे वारसाने आपल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत कळवावयाची असते. कागद मोजके लागतात : मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, प्रतिज्ञापत्र, सातबारा व आठ-अ चे उतारे. जुळवाजुळव दोन दुपारची आहे. तरीही ते काम होत नाही. आई दर महिन्याला विचारते. बहीण फोनवर आता विचारीतही नाही. विषय निघाला की पत्नी उठून स्वयंपाकघरात जाते.

जग याला आळस म्हणते आणि तेथेच निदान चुकते. आळशी माणूस निवांत असतो. हा गृहस्थ मात्र निवांत नाही. फाईल काढावयाची म्हणून रविवार मोकळा ठेवतो, आणि त्याच रविवारी स्कूटर धुतो, माळा आवरतो, शेजाऱ्याचे वीजबिलही भरून येतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तीच फाईल छातीवर येऊन बसते. इतके कष्ट करून काम टाळणाऱ्यास आळशी कसे म्हणावे?

फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 साली या दुखण्याविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. टाळाटाळ हा मुख्यतः वेळेच्या नियोजनाचा दोष नसून नकोशा भावनेपासून पळण्याचा मार्ग आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या गृहस्थाची फाईल उघडून पाहिली तर त्याचा अर्थ लगेच कळतो. आत वडिलांच्या हातचे हिशेब आहेत, खतांच्या पावत्या आहेत, रुग्णालयाची शेवटची बिले आहेत. शेवटच्या वर्षात बापलेकांत झालेल्या अबोल्याची आठवणही त्याच कागदांत दडलेली आहे. तेव्हा हा माणूस वारसनोंद टाळीत नाही; तो ते हस्ताक्षर टाळतो. कपाटाचे दार बंद केले की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. त्या क्षणभराच्या सुटकेनेच सवय पक्की होते. पुढच्या खेपेस दार उघडण्यापूर्वीच मन पळवाट शोधू लागते.

अशा वेळी व्यासपीठावरून थोरांची उदाहरणे देण्याची प्रथा आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली, तर शेवटचा 1962 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केला. हे ऐकून श्रोते टाळ्या वाजवतात. टाळाटाळ करणारा मात्र खचतो. कुठे ते आणि कुठे आपण, असे म्हणून तो घरी जातो. त्याला त्या प्रचंड कार्याचा आरंभ सांगावयास हवा. काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या एका ग्रंथाच्या संपादनास प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्र-वाङ्मयाचा आढावा घ्यावयाचे योजिले होते. त्या प्रस्तावनेतूनच पुढे पाच खंड उभे राहिले.

उमेद आली की काम करू, हा क्रमच उलटा आहे. औदासीन्यावरील उपचारांत अशी एक मान्य पद्धती आहे की, रुग्णाला इच्छा होण्याची वाट न पाहता लहानशी कृती प्रथम करावयास लावतात. मनाचा उत्साह पाठोपाठ येतो. म्हणून ‘जमिनीचे काम उरकणे’ असा संकल्प व्यर्थ होय. ‘फाईल टेबलावर ठेवणे’ हा संकल्प पुरेसा आहे. त्यालाही वेळ व जागा नेमून द्यावी लागते. रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला की फाईल खाली काढावयाची, अशा स्वरूपाचा निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा अधिक फलदायी ठरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली साधार दाखविले.

सोबत हा दुसरा उपाय. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकटीने न होणारे पापड आळीतल्या चौघीजणी बसल्या की दुपारी उरकतात. कागदपत्रांच्या कामालाही हाच न्याय लागू का करू नये? मात्र सोबतीने शेजारी बसावे आणि उपदेश करू नये. हे पथ्य सांभाळणे फार थोड्यांना जमते.

घरच्यांच्या टोमण्यांनी आणि स्वतःच्याच शिव्याशापांनी काम हलते, हाही भ्रमच. परीक्षेचा अभ्यास लांबणीवर टाकल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली, असे कॅनडातील एका अभ्यासात 2010 साली आढळले. शरमेमुळे फाईल अधिक जड होते, एवढाच याचा अर्थ.

कार्यकर्त्यांच्या बाबतीत एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. बैठक, प्रवास, संपर्क यांत बुडालेल्या माणसाला घरचे अप्रिय काम टाळण्यास सर्वांत प्रतिष्ठित सबब मिळते. त्याला कोणी दोष देत नाही, उलट हार घालतात. इकडे जमिनीवर नाव नाही म्हणून पीककर्ज अडते, आणि आईचे वय वाढत जाते.

सर्वच टाळाटाळ अशी संकल्पाने सुटत नाही. झोप उडाली, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नाही, आठवडेच्या आठवडे अंघोळ-जेवणही ओझे वाटू लागले, तर ते औदासीन्याचे आजारपण असू शकते. थायरॉईडच्या विकारानेही माणूस असा मंदावतो. लहानपणापासून कोणतेच काम तडीस जात नसेल, तर अवधानाचा जन्मजात दोष असू शकतो. तो प्रौढांतही आढळतो. येथे कीर्तन उपयोगाचे नाही, डॉक्टर हवा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून उपलब्ध आहे. तेथे फोन करण्यात कमीपणा मानू नये.

त्या गृहस्थाकडे परत यावे. पहिल्या रविवारी त्याने फाईल फक्त खाली काढली आणि टेबलावर ठेवली. दुसऱ्या रविवारी बहीण आली. तिने काही विचारले नाही. शेंगा सोलीत शेजारी बसली. वडिलांची हिशेबाची वही निघाली तेव्हा दोघेही बराच वेळ गप्प होते. मग बहिणीनेच वारसांची नावे कोऱ्या कागदावर लिहावयास घेतली. आईचे नाव सर्वांत वर. तिसऱ्या रविवारी आठ-अ चा उतारा जुना असल्याचे लक्षात आले. नवा काढावयास हवा होता. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो गावच्या गाडीत बसला.