गिरणीची जमीन आणि मुलांचे मैदान



कारखाना बंद पडला की कामगारांच्या देण्यांचा हिशेब आम्ही युनियनवाले मांडतो. जमिनीचे देणे मात्र कोणाच्याच वहीत नसते. रंगखात्याचे पाणी, यंत्रांचे तेल, बॉयलरची राख वर्षानुवर्षे तिच्याच पोटात जाते.

मुंबईचे पाहा. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. 1991 च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा बागा-मैदानांना, तिसरा घरांना मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी उरली ती फक्त रिकाम्या जागेची. आता गिरणीत रिकामी जागा असते किती? शेडला शेड लागलेली! उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मोकळ्या जागांच्या बाजूने कौल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फिरवला. मैदानाच्या जागी मॉल उभे राहिले.

मग हे होणेच नाही काय? धारावीजवळ मिठीकाठी जिथे शहराचा कचरा पडे, तिथे 37 एकरांचे निसर्ग उद्यान 1994 मध्ये खुले झाले. पण कचरा कुजतो; शिसे, क्रोमियम कुजत नाही. तिथे आधी माती तपासावी, विषारी थर उचलावा किंवा पक्का झाकावा, मगच झोपाळे टांगावेत. खर्च कोणाचा? ज्याने घाण केली त्याचा, असे राजस्थानातील बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच 1996 मध्ये सांगितले आहे.

उद्या सातपूर-अंबडला एखादे फाटक कायमचे बंद झाले, तर मातीच्या तपासणीचा कागद मागायला आम्ही जाणार आहोत. तुम्ही याल ना?